अलर्ट भायखळ्यात वाजला

“काका, आता सुडू टाका.”

“काय सोडू?”

“सोडू नाही हो, सुडू!”

मी एस-ओ-डी-यू टाकलं होतं. मशीनने तोंडावर सांगितलं, अशी कमांड नाही. फोनवर पुण्याच्या मधुरा मॅडम. बाजूला शेट्ये साहेब, नजर घड्याळावर.

परळच्या एका ऑफिसात मी सर्व्हर रूम सांभाळतो. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर, सगळं ऑफिस त्याच्यावर चालतं. माझं काम एसी बघायचं आणि कोणाला आत चहा आणू द्यायचा नाही. शिक्षण चौथी. एबीसीडी दुकानांच्या पाट्यांवर शिकलो.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दोनदा एसी बंद पडला आणि मशीन तापून झोपलं. हेड ऑफिस म्हणालं, आज पाचपर्यंत मॉनिटरिंग लावा, नाहीतर रूम बंद, मशीन ऐरोलीच्या मोठ्या सेंटरला. मशीन गेलं की मीही घरी. घरी कोण आहे? माझी बायको शालन जाऊन आठ महिने झाले. भिंतींशी किती बोलणार?

मॉनिटरिंग म्हणजे मशीनमध्ये एक पहारेकरी बसवायचा. तो दर मिनिटाला कळवतो, मी चालू आहे, इतका तापलोय. तो गप्प झाला किंवा मशीन फार तापलं की पुण्याचा कॉम्प्युटर आपल्याला फोन लावतो. मॅडम हे तिथूनच करणार होत्या, पण लांबून मशीन उघडेना. पहारेकऱ्याची फाईल मशीनवर आधीच होती, कोणीतरी हाताने कमांड टाकायला हवी होती. साहेब म्हणाले, “मी मॅनेजमेंट बघतो.” मग हात माझेच.

सुडू म्हणजे मशीनला सांगायचं, हा हुकूम वरून आलाय, मुकाट ऐक. त्यात ओ शेवटी येतो. ते समजल्यावर मशीनने पासवर्ड मागितला. टाकला, तर काहीच उमटेना.

“मॅडम, कीबोर्ड मेला.”

“पासवर्ड दिसत नाही, काका. टाकत राहा.”

तिसऱ्यांदा लागला. अक्षरं भराभर वर पळाली. मग थांबली.

“आता अलर्टसाठी फोन नंबर विचारेल. तुमचा टाका, एसीजवळ तुम्हीच असता.”

टाकला. एंटर.

“छान! आता टेस्ट. नेटवर्कची वायर दोन मिनिटं काढा. मी फोन ठेवते, नाहीतर तुमचा एंगेज लागेल.”

वायर काढली. फोन गप्प. परत लावली, परत काढली. फोन गप्पच. पाचला दहा कमी.

“जाधव,” साहेब म्हणाले, “डबा पिशवीत भरा.”

तेवढ्यात फोन वाजला. अलर्ट नव्हता. भायखळ्याची आमची शेजारीण कुंदा होती.

“काका, कुठं आहात? घराला कुलूप आणि आत काकींचा फोन वाजतोय! दोनदा वाजला. माझे हातपाय गार पडलेत!”

मी स्टुलावर बसलो.

शालनचा फोन तिच्या फोटोपाशी असतो. रोज चार्ज करतो, रिचार्जही मारतो. का, ते विचारू नका. मॅडम नंबर टाका म्हणाल्या आणि बोटांनी तिचाच टाकला. मला तेवढा एकच पाठ आहे. स्वतःला कोण फोन करतं?

साहेबांना सांगितलं. मग त्यांनीच मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

“मॅडम, अलर्ट आला. भायखळ्यात.”

“म्हणजे लागलंय की, काका!” त्या एवढ्या ओरडल्या की साहेबांनाही ऐकू गेलं. “फक्त नंबर बदलूया.”

“परत सुडू लागेल?”

“लागेल ना.”

“मग राहू दे. तो फोन मी खिशात ठेवतो.”

रूम राहिली, मी राहिलो. गेल्या बुधवारी जेवताना खिशात शालनचा फोन वाजला. एसी बंद पडला होता. हातातला घास ठेवून पळालो, मशीन वाचलं. असतानाही तिने मला कधी सुखाने जेवू दिलं नव्हतं.

तुम्हाला मॉनिटरिंग लावायचं असेल, तर आधी स्वतःचा नंबर पाठ करा. मी अजून केलेला नाही.