गंडीपेटहून परतताना सातच

काचीगुडा स्टेशनसमोरून आम्ही आठजण सायकलींवरून पहाटे साडेपाचला निघालो, तेव्हा तिथल्या रिक्षावाल्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या तंग कपड्यांकडे एकदा बघून घेतलं. गंडीपेटचा तलाव इथून तासा-दीड तासावर. नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आल्यापासून माझे बहुतेक रविवार या रस्त्यावरच गेले आहेत.

आमच्या टोळीत सगळ्यात मागे चालणाऱ्याला शेपूट म्हणतात. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. ज्याला त्रास होईल त्याने रस्त्याकडेला बसायचं, जागचं हलायचं नाही, शेपूट येतंच. त्या रविवारी शेपूट मी होतो आणि माझ्या कपाळावर आठी होती. नवी हलकी सायकल घेऊन महिनाही झाला नव्हता, आणि पुढे सुधाकरराव. वय सहासष्ट, मधुमेह, घराण्याच्या तीन पिढ्या काचीगुड्यात. चढ आला की ते गप्पा मारत, बैलगाडीच्या चालीने जातात.

मेहदीपट्टणम मागे पडलं, लंगर हौजनंतर मोठमोठे खडक दिसू लागले. तलावाजवळच्या टपरीवर इडली आणि पल्ली (शेंगदाण्याची) चटणी खाल्ली. सुधाकररावांनी एकच इडली घेतली.

"अजून एक घ्या ना," मी म्हटलं.

"नक्को. घरी उपमा असतो. नाही खाल्ला तर हिचं तोंड दिवसभर फुगलेलं."

परतताना हळू जाणारे म्हणून तेच आधी निघाले. बाकीचे त्यांना मागे टाकून गेले असणार. मी चहा संपवून शेवटी निघालो. तारामतीच्या बारादरीजवळ उतार लागला. पुढे कुणीच दिसेना. शेपटाने इथेच थांबून विचार करायला हवा होता. मला मात्र रिकामा रस्ता दिसला. मान खाली घातली आणि सायकल सोडली. इतक्या वेगात मी कधीच गेलो नव्हतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

लंगर हौजला नेहमीप्रमाणे सगळे थांबलेले. मी मोजलं. माझ्यासकट सात.

"सुधाकरराव तुमच्या मागे आहेत?" एकाने विचारलं. शेपटाला हा प्रश्न विचारावा लागणं, यातच सगळं आलं.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मी सायकल वळवली. आता तोच उतार चढ झाला होता आणि मधे दुभाजक. पलीकडची कडा बघत जायचं, तर मधे ट्रक येत होते. त्यांच्या घरी कुसुमवहिनींना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळत होती आणि एकही धड नव्हतं.

एका पंक्चरवाल्यापाशी थांबलो. "भाई, एक बुजुर्ग देखे क्या? सायकल पे, पीली टोपी?"

"पीली टोपी तो नै देखा मियाँ. एक सायकल दिखी, वो लारी के पीछे. बहोत देर से पडी है."

पडी है म्हणाला. दुभाजकावरून सायकल उचलून मी धावलो.

उभ्या लारीच्या सावलीत सुधाकरराव पाय पसरून बसले होते. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिंब. शेजारी शहाळी विकणारी एक म्हातारी त्यांच्या हातातला साखर घातलेल्या चहाचा पेला सावरून धरत होती. मला बघून ती कडाडली, "इप्पुडु वच्चिनवा? (आत्ता आलास?)"

"शुगर उतरली," सुधाकरराव हळूच म्हणाले. "हात थरथरत होते, फोन निघंना खिशातून."

"मी... इथूनच गेलो की."

"हौ. बघितलं मी. हाक मारली, पण आवाजच फुटंना."

मी खाली बसलो.

"मग तुम्ही पुढे कुणाला थांबवलं का नाही? इतक्या गाड्या जातात."

"कशाला? तिथं गेल्यावर तुम्ही मोजणारच की. मोजल्यावर येणार."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साधी माहिती दिल्यासारखं सांगितलं, आणि मला रडू आलं. म्हातारीने माझ्या हातात एक शहाळं ठेवलं.

बाकीच्यांना फोन करून कळवलं. रंग परत आल्यावर सुधाकररावांना रिक्षात बसवलं. त्यांची सायकल मागे बांधली आणि मी रिक्षाच्या मागे मागे काचीगुड्यापर्यंत आलो.

कुसुमवहिनी दारातच होत्या. "रिक्षानं का?"

"चढावर दम लागला थोडा," सुधाकरराव म्हणाले. "परेशान होऊ नको. हे होते की माझ्याजवळ."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मान डोलावली असती तर तिथेच मिटलं असतं.

"नव्हतो, वहिनी," मी म्हटलं. "यांची शुगर उतरली होती. मी न बघता पुढे निघून गेलो."

सुधाकरराव बूट काढायच्या निमित्ताने खाली वाकले.

"मग परत कोण गेलं?" वहिनींनी विचारलं.

"मीच."

"हात धुवून या," असं म्हणून त्या आत गेल्या आणि उपम्याच्या दोन बशा घेऊन आल्या. मोठी बशी त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली, दुसरी माझ्यापुढे जराशी आपटली.

पुण्यात आई फोनवर विचारते, त्या परक्या गावात तुझं कोण आहे रे? त्या सकाळी तिला सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी फोन केला नाही. घास गिळताना लाज वाटत होती, आणि भूकही सपाटून लागली होती.