सात वाजताचा नमस्कार

मित्सुयो नुकाता यांच्या माहेरी यातोमीला शोभेच्या माशांची तळी होती. वडील रोज सकाळी खाणं टाकायच्या आधी काठावर उभे राहून कमरेत वाकायचे आणि माशांना नमस्कार करायचे. पुढे तळी विकली गेली, वडीलही गेले. पण ही सवय मुलीच्या अंगात राहिली ती राहिलीच. नागोयाच्या बाहेरच्या संशोधन संस्थेत मित्सुयोबाईंना मासे सांभाळायची नोकरी लागली, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून सकाळी सातला, खाण्याचा डबा हातात घेऊन, त्या प्रत्येक रांगेपुढे वाकत आल्या.

इथले मासे शोभेचे नव्हते. मेदाका म्हणजे भाताच्या खाचरात सापडणारा, बोटाच्या पेराएवढा मासा. त्याचं अंडं इतकं पारदर्शक की आतल्या पिल्लाचं काळीज धडधडताना दिसतं, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्यावर लट्टू. बाईंना त्यांचे लेख वाचता येत नसत, पण चारशे टाक्यांपैकी कुठल्या टाकीतला मासा रुसलाय हे त्या दारातूनच सांगत. ओल्या हातांनी टाकीचं झाकण उचललं म्हणून त्यांनी खुद्द कुवाबारा प्राध्यापकांना झापलं होतं. प्राध्यापकांनी मुकाट हात पुसले होते.

शिओमी नावाचा तेहेतीस वर्षांचा संशोधक त्यांचा विशेष लाडका. पोरगा नीटनेटका, आणि न सांगता जाळ्या धुऊन ठेवणारा. जनुकं कापायची जी नवी पद्धत निघाली आहे, तिने त्याने मेदाकाचं एक जनुक बदललं होतं. वरून सावली पडली की साधा मेदाका तळाशी पळतो, कारण सावली म्हणजे बगळा. शिओमीचे बदललेले मासे मात्र पळत नव्हते. भीतीचं जनुक सापडलं, असं सगळे म्हणू लागले. त्याचा करार मार्चअखेर संपत होता. हा लेख छापून आला तर प्राध्यापक त्याला ठेवून घेणार होते, नाहीतर त्याला गाशा गुंडाळावा लागणार होता.

ऑक्टोबरात लेख पाठवायच्या आदल्या दिवशी शिओमीने सगळ्यांना आपलं काम दाखवलं. बाईंनाही आग्रहाने बसवलं. पडद्यावर टाकी दिसली. वर एक काळी पाटी सरकली, सावली पडली, आणि मासे सुळकन वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून वाट पाहू लागले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंची मान मात्र हलली नाही. हे दृश्य त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. मासे बेडर झाले नव्हते, ते नाश्ता मागत होते.

शिओमीने गल्लत नको म्हणून बदललेले मासे खालच्या फळीवर ठेवले होते आणि साधे वरच्या. बाई वाकल्या की त्यांची सावली खालच्या टाक्यांवर पडे. वरच्या टाक्या कपाळाच्या उंचीवर, तिथे ती पोचतच नसे. खाणं किती ग्रॅम, पाणी किती अंश, हातमोजे कुठल्या रंगाचे, सगळं लिहून ठेवलेलं होतं. नमस्कार तेवढा कुणी लिहिला नव्हता. दारात शिरताना, फोनवर बोलताना, बसमधून उतरताना जिथे सगळेच दिवसभर वाकतात, तिथे ते कोण लिहिणार!

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. कियोजी निवृत्त बसचालक, सरळ माणूस. बायकोच्या कमरेमुळे विज्ञान अडलं म्हणून आधी तो पोटभर हसला. मग गंभीर झाला.

"तू नाही बोललीस तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. ते आता कुठे ठेवू?"

"पोराची नोकरी जाईल."

"माहितेय," बाई म्हणाल्या, आणि त्या जेवल्या नाहीत.

सकाळी त्यांनी शिओमीला टाक्यांपाशी नेलं आणि वाकून दाखवलं. खालच्या रांगेतले मासे वर आले.  शिओमी खालीच उकिडवा बसला.

"मी रोज बघत होतो हो तुम्हाला," तो म्हणाला. "मग मला दिसलं कसं नाही?"

"तुम्हीही मला रोज वाकताच की. ते कुठे लिहून ठेवता?" बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "माफ करा. दोन वर्षं वाया घालवली मी तुमची."

लेख पाठवला गेला नाही. शिओमीने नव्याने पिल्लं वाढवली, दोन्ही जातींची, दोन्ही फळ्यांवर मिसळून. सगळ्या टाक्या नमस्काराची सावली पडेल अशा उंचीवर आणल्या. अर्ध्यांपुढे बाईंनी वाकायचं, अर्ध्यांपुढे अजिबात नाही. हे अजिबात नाही फार कठीण गेलं. बाई अर्ध्या वाकत आणि चटका बसल्यासारख्या ताठ होत. शेवटी त्यांनी कमरेला जुनी लाकडी फूटपट्टी बांधली, वाकलं की टोचेल अशी. माहेरच्या तळ्यावर हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं, या विचाराने त्यांना आठवडाभर अपराधी वाटत राहिलं.

जानेवारीअखेर हिशेब लागला. नमस्कार न मिळालेले मासे, बदललेले असोत की साधे, सावली दिसताच तळाशी पळत होते. भीतीचं जनुक वगैरे काही सापडलं नव्हतं. पण नमस्कार मिळालेल्या टाक्यांत एक गंमत होती. सावली म्हणजे खाणं हे शिकायला साध्या माशांना बारा दिवस लागले, बदललेल्यांना पाच. मासे थोडे होते, योगायोगही असू शकत होता. खात्री करायला निदान वर्ष हवं होतं. हे सगळं, कमरेच्या फूटपट्टीसकट, शिओमीने प्राध्यापकांपुढे मांडलं आणि तो उत्तराची वाट पाहत बसला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, तो धावतच मासेखोलीत आला. बाई नमस्काराच्या रांगेपुढे काच पुसत होत्या.

"वर्ष वाढवून दिलं," तो म्हणाला. "प्राध्यापक म्हणाले, जो स्वतःची चूक इतकी नीट मोजतो त्याला जाऊ द्यायचं नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या काही बोलणार तोच शिओमी त्यांच्यापुढे वाकला, चांगला खोल, कमरेतून, आणि तसाच राहिला. त्याची सावली टाक्यांवर पडली. सगळी रांग वर आली आणि तोंडं उघडून थांबली.

"अहो, उठा आता," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांना खायला घालावं लागणार. नाहीतर उद्यापासून माझ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत."

त्यांनी चिमूट चिमूट खाणं टाकलं. शिओमीने वही उघडून त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: अकरा वाजून पाच मिनिटं, जादा खाणं. कारण, शिओमी वाकला.