गाढवाच्या दगडाची लाज

आमच्या काकांच्या शेताच्या बांधावर कमरेएवढा एक दगड होता. वर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी, आणि खाली एक बाई व तिच्यावर चढलेलं गाढव. आडपडदा ठेवून सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळं रामायण त्या आडपडद्यामुळेच घडलं. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. कुणा राजाने जमीन दान दिली, ती चंद्रसूर्य असेतोवर टिकावी म्हणून ते वर कोरले, आणि दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव, हा दम खाली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावा म्हणून चित्रासकट.

गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काकू भातकापणीआधी दगडाला शेंदूर लावायची, गाढवालाही आणि बाईलाही. आणि बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला काका नेमकी तीच शिवी रोज तोंडाने द्यायचे.

मी तेव्हा जवळच्या शहरात, निजामपुऱ्यातल्या शाळेत, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर ओरडून इतिहास शिकवत होते. हिंदू काळ, मुसलमानी काळ, ब्रिटिश काळ! पहिल्या दोन काळांना धर्माची नावं आणि स्वतःला देशाचं, ही वाटणी साहेबाने करून दिली आणि आम्ही ती पोरींकडून घोकून घेत होतो. अर्धा वर्ग कोकणी मुसलमानांचा. या दगडावर छिन्नी चालत होती तेव्हा त्यांच्यातल्या कितीकांचे पूर्वज खाडीत गलबतं आणत होते, पण पुस्तकाच्या लेखी ते अजून आलेच नव्हते. त्या ओळींत कदाचित त्यांचाही उल्लेख निघेल, म्हणून मला त्या वाचून हव्या होत्या. मुंबईचे एक अभ्यासक दिवाळीनंतर येऊन कागदावर ठसा घेणार होते.

नव्वदच्या दशकात आमच्या गावालगत वडप्याकडे गोदामांचं पेव फुटलं आणि काकांनी शेत विकलं. दगड गावातल्या नव्या देवळात न्यायचं ठरलं. तिथवर ठीक होतं. पण देवळाच्या कमिटीवर होते एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी वाचनालयातलं साहेबाच्या वेळचं, जिल्ह्याच्या माहितीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळलं आणि निकाल दिला, “यात नोंद नाही. म्हणजे दगड प्राचीन नाही.”

“सर, साहेब आमच्या बांधावर आलाच नसेल!”

“आणि खालचं चित्र अश्लील आहे. आपल्या प्राचीन संस्कृतीत असलं काही नव्हतं.”

“अहो, हीच ती संस्कृती!”

“मग ही विकृती.”

आता यावर डोकं कुठे आपटायचं? आपल्या बापजाद्यांची लाज वाटायला आपल्याला साहेबानेच शिकवलं. तो गेला, पण त्याचा कोट वैशाखातही आमच्या अंगातून उतरेना.

खालचं चित्र सिमेंटात गाडायचं कमिटीने ठरवलं, तशी मी काकांना गाठलं. “चित्र झाका हवं तर. पण ठसा होईपर्यंत थांबा. अक्षरं एकदा गेली की गेली.”

“मला काय वाटत न्हाय गो,” काका म्हणाले. “पन गुरुजी बोलतान, भायेरची पावनी येतील, ती काय बोलतील?”

“रोज तीच शिवी देता ना तुम्ही?”

“तोंडची शिवी वाऱ्यावर जाते. ही दगडावर हाय.”

दिवाळीनंतर अभ्यासकांना घेऊन मी गावात गेले. पांढऱ्या टाइल्सच्या ओट्यात दगड गळ्यापर्यंत सिमेंटात गाडलेला होता. वर फक्त चंद्रसूर्य. चित्राबरोबर अक्षरंही गेली होती. अभ्यासकांनी पिशवीतून काढलेला कागद पुन्हा आत ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आता हा कुठला देव, सर?” मी विचारलं. हेडमास्तरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “सूर्यनारायण.” दोन बायका पाया पडून गेल्यासुद्धा.

काका देवळाबाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांच्यावर कडाडले, “गुरुजींना अक्कल नाही, पण तुम्हाला तर होती! तुम्ही का गाडू दिलात?”

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग नव्या गोदामाच्या पत्र्यांकडे बघत हळूच म्हणाले, “दानाचं शेत इकलं ना गो मी. शिवी माझ्या आयेला लागली असती.”