घरच्या सरीतले टोमॅटो

सून आल्यापासून मी तिच्यावर पाळत ठेवून होते. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? मुलगा शेती करतो म्हटल्यावर चार वर्षं आम्हाला कुणी मुलगी दाखवेना. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं. शेवटी पुण्यातली ही मुलगी स्वतःहून 'हो' म्हणाली, तेव्हा आनंदाच्या आधी मला शंका आली. कॅफेच्या स्वयंपाकघरात काम करणारी शहरातली पोर डिंगोऱ्यासारख्या खेड्यात कशाला येईल? आणि आली तरी टिकेल का? शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या, पाठ फिरली की 'नव्याचे नऊ दिवस' म्हणायच्या. राग मला त्यांचा यायचा, पण डोळा मी हिच्यावर ठेवायचे.

तिनं अर्धी भाकरी ताटात सोडली की वाटायचं, झालं, हिला इथलं गोड लागत नाही. आईशी फोनवर हळू बोलायला लागली की मी उगाच त्या खोलीतला केर काढायचे. बोलणं व्हायचं ते पाणी कधी येतं आणि बाबांचा गुडघा कसा आहे, एवढंच. तरी माझं समाधान व्हायचं नाही.

एका बुधवारी ती म्हणाली, "आई, आज दुपारचं मी करू? फ्रेंच सॅलड."

"म्हंजी काकडी-टोमॅटो?"

"नाही, अख्खं जेवणच असतं ते. उकडलेला बटाटा, फरसबी, अंडी, टोमॅटो. सगळं गार करून खायचं."

गार! शीतळा सप्तमीला आम्ही मुद्दाम गार खातो, कारण त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. एरवी गार वाढलं तर पाहुणा पुन्हा दारात उभा राहायचा नाही. पण सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी 'कर' म्हणाले आणि लसूण सोलायचं निमित्त करून तिथंच बसले.

तिनं बटाटे उकडले आणि हात भाजत असतानाच सोलून फोडी केल्या. मोहरी वाटली, त्यात लिंबू पिळलं, मीठ घातलं, घाण्याचं शेंगदाणा तेल ओतून घोटलं आणि त्या गरम फोडींवर टाकलं. "गरम असतानाच बटाटा हे पितो. गार झाल्यावर नाही पीत." कच्चं तेल तर आम्हीही चटणीवर घेतो, तेवढं मला पटलं. मग फरसबी. उकळत्या पाण्यात जेमतेम पाच-सात मिनिटं ठेवली आणि लगेच माठातल्या पाण्यात बुडवली.

"अगं, कच्ची ऱ्हायली ती."

"हिरवीगार राहते आणि दाताखाली लागते. खाऊन बघा."

बघितली. कच्ची नव्हती. पण मी तसं म्हणाले नाही.

"यात खरं तर खारवलेले बारीक मासे लागतात," ती म्हणाली. "इथं कुठे मिळणार?"

"सुकट हाय की डब्यात!" माझ्या तोंडून निघून गेलं. ती खळखळून हसली. सुकट तिनं तव्यावर भाजली, चुरली आणि वरून पेरली. त्या घटकाभर मी तिच्यावर नजर ठेवायची विसरले होते.

टोमॅटो मी स्वतः आणून दिले. चांगले लालबुंद, घट्ट. गार बटाटे, फरसबी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या आणि अंड्याच्या फाका असं तिनं परातीत मांडलं आणि आम्ही चौघं जेवायला बसलो. आमचे मालक शेतावरून आले की त्यांना रश्शाशिवाय काही चालत नाही, पण तेही मुकाट्यानं खात होते. मुलानं दुसऱ्यांदा घेतलं. एक घास खाऊन सून म्हणाली, "टोमॅटो काय गोड आहे हो! शेतातल्या प्लॉटमधला का?"

तिला बरं वाटावं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "न्हाई गं. घरामागं एक सरी आपल्या खाण्यापुरती ठेवतो आमी. तिला औषध मारत न्हाई. तू बिनघोर खा. फवारलेला माल समदा इकायला जातो."

तिचा हात थांबला.

"आणि पुण्यात मम्मी हातगाडीवरून घेते ते?"

ती उठली. उद्या माल तोडायचा म्हणून ओट्याखाली मुलानं प्लॉटातले चार टोमॅटो रंग बघायला आणून ठेवले होते. त्यातला एक तिनं पाण्याखाली धरला, चिरला आणि परत बसून स्वतःच्या ताटात घेतला.

मी तिचं मनगट धरलं. "नको! परवाच औषध मारलंय त्याला."

"मग उद्या तोडा कसा काय आहे?"

मुलगा ताटातली सुकट चिवडत बसला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता ही उठणार, बॅग भरणार, ओतूरला जाऊन पुण्याची एसटी धरणार. वर्षानुवर्षं मार्केटला माल गेला, तो कुणाच्या ताटात पडतो हा विचार मला कधी शिवला नाही, आणि त्या दुपारीही शहरातल्या लोकांचा कळवळा आला असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला फक्त सून जायची भीती वाटली.

"मजुरांना फोन लाव," मी मुलाला म्हणाले. "उद्या तोडा न्हाई."

"येडी झाली का?" मालक उसळले. "आत्ता बाजारात भाव हाय. चार दिसांनी कोण इचारंल?"

"न्हाई इचारलं तर ऱ्हाऊ द्या. पण तिनं जे खाल्लं न्हाई पायजे, ते दुसऱ्याच्या पोरीनं तरी का खावं?"

हे बोलल्यावर मला कळलं की मी काय बोलले. मालकांनी मान फिरवली. मुलगा उठून बाहेर गेला, फोनवर कुणाला तरी 'नको येऊ' म्हणाला आणि येताना औषधाची बाटली घेऊन आला. ती गोडाऊनमध्ये कायम असते. आम्ही झाकण उघडतो, मापानं पंपात ओततो, बाटली फेकतो. सुनेनं तिच्यावर चिकटवलेली माहितीच्या कागदाची घडी सोडवली आणि मुंगीएवढी अक्षरं बोटानं धरून वाचली.

"फवारणीनंतर सात दिवस थांबायचं, असं लिहिलंय. परवा सोमवारी मारलंत ना? मग येत्या सोमवारी तोडू. मी पण येते. मला शिकवाल ना, आई, तोडायला?"

सोमवारी ती इथंच असणार होती. किती सहज सांगितलं तिनं! मला तिच्यासमोरच रडू फुटलं. पदरानं डोळे पुसले, बाटली तिच्या हातून घेतली, आणि चष्मा लावून तो सातचा आकडा मी स्वतः वाचून घेतला.