माझ्या रक्तदाबाच्या बारा चादरी

मागच्या मे महिन्यात माझा रक्तदाब बारा चादरींवर विणला गेला. वरचा आकडा तांबड्या रंगात, खालचा निळ्या. सगळ्या चादरी डबल बेडच्या.

मुख्य बातमी आधी दिली, आता तपशील. (बत्तीस वर्षं वृत्तपत्राच्या टेबलावर काढलेला माणूस स्वतःच्या लग्नाची हकिकतही याच क्रमानं सांगतो.) माझा मेहुणा प्रकाश याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा छोटा कारखाना आहे. त्याच्या जुन्या नक्ष्यांना कंटाळलेला एक मोठा व्यापारी शनिवारी अकरा वाजता येणार होता. नवीन काही दिसलं तर वर्षभराचं काम प्रकाशला, नाहीतर शेजारच्या कारखान्याला. आणि प्रकाशला आठ दिवसांत एक फूलसुद्धा सुचलं नव्हतं!

"अहो, इतक्या कलाकारांच्या मुलाखती घेतल्यात तुम्ही," माझी बायको सुनंदा म्हणाली. "प्रत्येकाला एकच विचारायचात, कल्पना कुठून सुचते. मग सांगा की आता माझ्या भावाला, कुठून सुचते ते!"

आरोपात तथ्य होतं. रविवारच्या पुरवणीसाठी मी हा प्रश्न चित्रकारांपासून मूर्तिकारांपर्यंत सगळ्यांना विचारला होता. कुणी निसर्गाचं नाव घ्यायचं, कुणी शांततेचं. एकानं दाढी करताना सुचतं असं सांगितलं होतं.

"दाजी, दाढी तर मी रोज करतोय की," प्रकाश म्हणाला.

"मग निसर्ग!" मी म्हणालो.

इथं एक पूरक माहिती आवश्यक आहे. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलं होतं. "कुठल्याही कागदावर लिहा," ते म्हणाले. कुठल्याही! मी प्रकाशच्या कारखान्यातून बारीक चौकटींच्या कागदाचं पॅड आणलं. एका मोजणीला एक उभी ओळ. खालच्या आकड्यापर्यंत चौकोन निळे, तिथून वरच्या आकड्यापर्यंत तांबडे. चादरीची नक्षीही याच कागदावर, अशाच रंगवलेल्या चौकोनांनी काढतात. मग त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि माग त्या भोकांच्या हुकमानं रंग उचलतो. ही सगळी माहिती मला होती. तिचा उपयोग झाला नाही.

सोमवारी मी प्रकाशला सांगोल्याकडे नेलं. डाळिंबाची बाग, लालबुंद फळं, वर निळं आभाळ! प्रकाश कागद घेऊन झाडाखाली बसला, मी वही काढून निरीक्षणं लिहू लागलो. पाच मिनिटांत बागेचा मालक धावत आला.

"साहेब, पंचनाम्याला आलाव व्हय? आन् हितं कशाला बसलाव? करपलेली झाडं तिकडं हायती की!"

"आम्ही प्रेरणेसाठी आलोय," मी म्हणालो.

"त्ये कंचं खातं?"

खुलासा पुरा होण्याआधी बांधावर तेवीस माणसं जमली. (मी मोजली.) "आमची बी बाग धरा!" "माझी शेरडं बी लिवा त्यात!" एकानं माझ्या खिशात स्वतःचा सातबारा कोंबला! आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो असं मी घरी सांगितलं. प्रत्यक्षात पळालो. संध्याकाळचा रक्तदाब एकशे बासष्ट.

मंगळवारी शांततेची पाळी. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाला काय सुचणार? मी अर्ध्या तासासाठी सगळे माग बंद करवले. प्रकाश डोळे मिटून मधोमध खुर्चीत बसला, कामगार भिंतीला टेकून उभे राहिले. एमआयडीसीत भरदिवसा माग गप्प झाले की त्याचा एकच अर्थ लावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दहाव्या मिनिटाला शेजारचे कारखानदार पांढऱ्या टोप्या घालून आत आले.

"कोण गेलं हो?"

"कुणी नाही! विचार चाललाय!"

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," त्यातला एक डोळे मिटलेल्या प्रकाशकडे बघत कुजबुजला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि प्रकाशची सख्खी आत्या हंबरडा फोडत उतरली. तिला प्रकाश जिवंत आहे हे पटवायला पाऊण तास गेला. त्यानंतर ती माझ्याशी जे बोलली ते छापण्याजोगं नाही. संध्याकाळी एकशे चौऱ्याहत्तर!

"दाजी, आता पुरे. शनिवार आला," प्रकाश रडकुंडीला येऊन म्हणाला. "जातंय ते काम. जाऊ द्या."

आता माघार कशी घेणार? बुधवारी मी स्वतः चौकटीचा कागद घेऊन बसलो आणि दिवसभर खपून मोर काढला. निळं अंग, तांबडा तुरा, पिसारा थेट वरपर्यंत! सुनंदानं चष्मा लावून पाहिलं.

"कोंबडी बरी जमलीय. पण अशी घाबरलीय का?"

एकशे ब्याऐंशी! हातानं काढलेल्या माझ्या त्या आलेखावरचा सर्वात उंच खांब, आणि शेवटचाही, कारण कागद तिथंच संपला. तांबडा रंग कमी पडला, म्हणून कडेला स्केचपेन वापरावा लागला.

गुरुवारी सकाळी मी मोराची आणि डॉक्टरांच्या कागदाची अशा दोन गुंडाळ्या केल्या आणि एक कारखान्यात यल्लप्पा मास्तरांच्या हातात दिली. प्रकाश सूत आणायला गेला होता. मास्तरांची चाळीस वर्षं मागावर गेलेली, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि मालकाच्या दाजींना उलट प्रश्न विचारण्याची पद्धत दोन्ही भाषांत नाही. तरीही दुपारी त्यांचा फोन आला.

"दाजी, शेवटाला लई वर चढलंय की. जरा खाली घेऊ का?"

"एक चौकोनसुद्धा खाली घेऊ नका!" पिसारा तो पिसारा.

"बगा बरं. मला तर बगूनच भ्या वाटायलंय."

"कलेत तसं वाटायलाच हवं, मास्तर!"

शनिवारी सकाळी साडेदहाला मी डॉक्टरांसमोर दुसरी गुंडाळी उलगडली. डॉक्टर कागदावर वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "हा पक्षी तुम्हाला गोळी घेण्याआधी दिसतो की नंतर?"

मोर! मग तिकडे काय गेलं? मी दवाखान्यातून निघालो तो थेट कारखान्यात. आत शिरलो तर बारा चादरी दोरीवर टांगलेल्या, आणि त्यांच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी! सोमवारचा सांगोला, मंगळवारची आत्या, बुधवारची कोंबडी, एकेक खांब ओळखू येत होता. प्रकाशचा चेहरा पांढराफटक. माझा आकडा त्या क्षणी कागदावर मावला नसता.

आणि चादरीसमोर व्यापारी उभा. दोन्ही हात कमरेवर, मान तिरकी.

"वा!" तो म्हणाला. "डोंगर! आधी नुसत्या टेकड्या, मग चढ, चढ, आणि शेवटी एकदम कडा! असलं काही मी बाजारात पाहिलेलं नाही. कुठून सुचलं हो हे?"

सगळे माझ्याकडे वळले. हाच प्रश्न मी बत्तीस वर्षं लोकांना विचारला होता, आणि त्याचं उत्तर देणं किती अवघड असतं ते मला पहिल्यांदाच कळत होतं. खरं सांगावं, तर वर्षभराचं काम हातचं जातं. खोटं सांगावं, तर तशी सवय नाही. प्रकाशनं मागून माझा दंड असा दाबला की डॉक्टरांच्या यंत्रानंही कधी दाबला नव्हता.

"आतून," मी म्हणालो.

(हे विधान शंभर टक्के अचूक होतं.)

व्यापाऱ्यानं हात जोडले. काम पक्कं झालं! मास्तरांनी कामगारांत पेढे वाटले, प्रकाशनं मला मिठी मारली आणि सुनंदानं फोनवरच आनंदानं किंचाळून घेतलं. फक्त निघताना व्यापारी दारात थबकला. "दिवाळीला याच धर्तीची दुसरी नक्षी पाहिजे. याहून उंच कडा असलेली!"

मधल्या काळात ते डोंगर कसले ते मी घरच्यांना आणि मास्तरांना सांगून टाकलं होतं, आणि डॉक्टरांनी गोळी बदलली होती. एकशे चोवीस. दुसऱ्या दिवशी एकशे चोवीस. तिसऱ्या आठवड्यातही तेच. डॉक्टर खूष, पण सासरी सुतकी वातावरण! प्रकाश सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारू लागला, "दाजी, आज काय? काहीच चढलं न्हाय?" सुनंदानं तर चहा देता देता सांगून टाकलं की, माझी तीस वर्षांची कात्रणं तिनं रद्दीत घातली.

"बरं झालं, जागा झाली," मी म्हणालो. एकशे तेवीस.

"तुम्हाला माझ्या भावाचं काहीच कसं वाटत नाही हो!"

शेवटी महिन्याचा कागद घेऊन मी स्वतःच कारखान्यात गेलो. यल्लप्पा मास्तरांनी तो उजेडाकडे धरला, आडवा पाहिला, उभा पाहिला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तब्येत लई झ्याक हाय, दाजी. पर यातनं पायपुसणं बी निघायचं न्हाय."