उणे आठवर अडकलेली काडी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गेल्या जानेवारीत शेजारच्या आजोबांच्या वहीत मी अकरा दिवस खोटे आकडे लिहिले.

आम्ही इंग्लंडात, मेडनहेडला राहतो. आजोबा इंग्रज, एकटे. चाळीसेक वर्षं रोज सकाळी नऊला ते मागच्या बागेतल्या पांढऱ्या पेटीतलं तापमान बघायचे, बर्फ असला तर पट्टी रोवून खोली मोजायचे आणि वहीत लिहायचे. एकही दिवस चुकलेला नव्हता. खुब्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी वही माझ्याकडे दिली.

"हवामानाच्या ॲपवर जाऊ नकोस," म्हणाले. "आपल्या बागा खळग्यात आहेत, रात्री थंड हवा इथे साचते. इथली थंडी त्याला ठाऊक नाही." मग थर्मामीटरमधली बारीक काडी दाखवली. रात्री तापमान जिथवर उतरेल तिथे ती अडकून राहते. वाचून झालं की लोहचुंबकानं परत पाऱ्याला टेकवायची.

दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला, नऊलाच टीमचा कॉल, पायात सपाता. ॲपवर बघून उणे दोन लिहिलं. बर्फ खिडकीतूनच पाहिला, चार सेंटिमीटर ठोकून दिले. पुढे तेच अंगवळणी पडलं.

"नऊ वाजले, तुझी ड्युटी," बायको चिडवायची.

"झाली की," मी म्हणायचो.

आजोबा परतले ते काठी टेकत आधी बागेतच गेले. मी वही घेऊन मागे. पेटी उघडून बराच वेळ वाकून बघत राहिले. काडी उणे आठवर होती. मग वहीची पानं उलटली. माझा सगळ्यात खालचा आकडा उणे तीन.

"रोज नऊला बघितलंस ना?"

"रोज," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थँक यू. बर्फात त्रास झाला असेल तुला." लोहचुंबकानं काडी परत पाऱ्याला टेकवली आणि पेटी लावली.

त्यानंतर नऊ वाजता त्यांचं मागचं दार वाजलं नाही. बायको म्हणते, पाय दुखत असेल बिचाऱ्यांचा. मी हो म्हणतो. ते रस्त्यात भेटले की हात करतात, हवेबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत, आणि इंग्लंडात तर शेजाऱ्यांचं प्रत्येक बोलणं हवेपासूनच सुरू होतं.

आज पुन्हा बर्फ आहे. साडेनऊ झालेत, त्यांच्या लॉनवर एकही पाऊल नाही.

ते अकरा दिवस मी पेटीपाशी गेलोच नव्हतो, हे त्यांच्या दारात उभं राहून त्यांना सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.