माळावरची मधली जागा

ती घटना आठवली की अजून माझ्या हातातला घास थांबतो. आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, भूकंप झाला तरी माझा घास थांबत नाही.

मी बारामतीच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत इंदापूर रस्त्याला माळावर एक वस्ती. उजनीच्या पाण्यात गाव बुडालं, तेव्हा तिथली माणसं उठून इथं आली. येताना गावाचा नकाशा डोक्यात घालूनच आली. तिकडं ज्याच्या शेजारी जो, इकडंही तोच. बागवानाच्या भिंतीला माळ्याची भिंत, तांबोळ्याच्या अंगणात कुंभाराची कोंबडी. मी तर म्हणतो, कुत्रीसुद्धा आपापल्या जुन्या गल्लीतच भुंकायची. पुढं शहर वाढत त्यांच्या दारात आलं, अपार्टमेंटा उठल्या, पण हा क्रम हलला नाही. पुरलेली माणसं मात्र पाण्याखाली राहिली. ते एवढं लागलं होतं, की माळावर घरांच्या आधी त्यांनी कब्रस्तान आखलं. तिथंही तोच क्रम, घराशेजारी घर तशी कबरीशेजारी कबर.

एका सकाळी वस्तीजवळच्या एसटी थांब्यावर पन्नाशीचा एक माणूस बसल्या बाकावर गेला. अंगावर जखम नाही, खिशात कागद नाही. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, आसपासच्या ठाण्यांना संदेश गेले. वस्तीतल्या लोकांना चेहरा दाखवला.

"न्हाय बघितला साहेब, कधीच."

एवढं एकमत मी ग्रामपंचायतीत सोडा, नवरा-बायकोतही पाहिलेलं नाही.

दुपारी माझा खबऱ्या आला. लासुर्ण्याचा, केस कापायचा धंदा; निम्म्या जिल्ह्याच्या बातम्या त्याच्या वस्तऱ्याखालून जायच्या.

"साहेब, माळावर खड्डा खणायला लागल्यात. वस्तीतलं तर कुणी मेलेलं न्हाय."

माझ्या डोक्यात खून, पुरावा नष्ट करणे, सगळी कलमं उभी राहिली. जीप अशी हाणली की धूळ निमगाव केतकीला जाऊन बसली असेल.

कब्रस्तानाच्या मधोमध, खड्ड्यात तात्या उतरले होते. जातीनं माळी, वस्तीतले सगळ्यात जुने.

"कुणासाठी, तात्या?"

"तुमच्या त्या बेवारशासाठी. माती द्यावी म्हणलं. पुण्याचं काम हाय."

"पुण्य कडेला करतात. परक्याला मधोमध जागा? शेजारी कोण निजलंय?"

तात्यांनी फावडं खाली ठेवलं.

ठाण्यात आणून चहा दिला. माझी चौकशीची पद्धत साधी: चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. मार पचवणारे पुष्कळ पाहिले; समोरच्याचं गप्प बसणं फार थोड्यांना पचतं. चहावर साय धरली, तेव्हा तात्या बोलले.

"माझ्या भिंतीला भिंत हाय त्या बागवान चाचीचा पोरगा हाय त्यो. सुरतेला ट्रकवर गेला, बापाच्या मातीलाबी आला न्हाय. म्हातारी झुरून मरंल म्हणून आमी खोटंच सांगायचो, सुरतेत भेटला हुता, बरा हाय, ईदला येतो म्हणला. दरसाल ह्येच. आता काय सांगू? घरी येत हुता, पर थांब्यावरच गेला?"

"म्हणून बेवारस ठरवला?"

"व्हय. पर बापाजवळ न्यायला नको, साहेब?"

खोटं बोलायला अख्खी वस्ती पक्की होती. मेलेल्याला दुसऱ्याच्या गल्लीत ठेवणं तेवढं त्यांना जमलं नाही.

ओळख पटली की वारसाला कळवणं भाग. तात्यांना घेऊन गेलो. चाची दारात तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं. तिनं तात्यांना एका शब्दानं विचारलं नाही, की इतकी वर्षं तो सुरतेत तुम्हाला खरंच भेटत होता का. एवढंच म्हणाली,

"जागा कुठं दिली?"

"तुझ्या मालकाशेजारी," तात्या म्हणाले.

"ती माझी हुती."

तात्या खाली बसले. चाचीनं सूप बाजूला सारलं. "असू द्या. पोराला द्या ती. मी कडंला जाईन."

पोलिसानं माणूस त्याच्या घरी पोचवायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. त्याला पोचवताना घरातल्या कुणाला तरी उठून जागा द्यावी लागते, हे मला त्या माळावर कळलं.